प्रतिस्पर्ध्याला काय द्यायचं? कॉलेज बास्केटबॉलमधलं स्काउटिंग

१५ मार्च २०२३, बुधवारची रात्र. ओहायोतल्या डेटन शहरात फेअरली डिकिन्सन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने टेक्सस सदर्नला ८४-६१ असं हरवलं. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ घेतात आणि त्यातल्या आठ संघांना मुख्य फेरीत शिरण्यासाठी आधी एक जादा सामना जिंकावा लागतो. हा त्यातलाच एक. जिंकल्याचं बक्षीस म्हणजे शुक्रवारी कोलंबसमध्ये पर्ड्यूशी गाठ. पर्ड्यू म्हणजे बिग टेन या तगड्या गटाचा विजेता आणि आपल्या विभागातला अव्वल मानांकित संघ. शिवाय त्यांच्याकडे होता ७ फूट ४ इंचांचा झॅक ईडी, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू.

फेअरली डिकिन्सन हे न्यू जर्सीतलं विद्यापीठ. तिकडच्या मराठी मंडळींना ते चांगलं ठाऊक असेल, भारतातून बरीच मुलं तिथे एम.एस.ला जातात. पर्ड्यूचं नाव तर आपल्याकडच्या इंजिनिअरिंगवाल्या घरांत सर्रास ऐकू येतं. पण बास्केटबॉलच्या मैदानावर या दोघांची बरोबरी नव्हती. डिव्हिजन १ या कॉलेज खेळांच्या सर्वोच्च स्तरावरच्या साडेतीनशेहून जास्त संघांत फेअरली डिकिन्सनचा संघ उंचीने सगळ्यात बुटका होता. त्यांचे दोन मुख्य गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारे खेळाडू, ५ फूट ८ आणि ५ फूट ९ इंचांचे. दोन सामन्यांच्या मधे दिवस मिळाला एकच, गुरुवारचा.

बुधवारच्या विजयानंतर ड्रेसिंग रूममध्ये कोच टोबिन अँडरसन पोरांना म्हणाले की पर्ड्यूचा खेळ मी जितका जास्त बघतोय, तितकं मला वाटतंय की यांना आपण हरवू शकतो. हे बोलणं कॅमेऱ्यात आलं आणि देशभर फिरलं. शुक्रवारी त्यांनी पर्ड्यूला ६३-५८ हरवलं. पुरुषांच्या स्पर्धेत विभागातल्या सोळाव्या, म्हणजे शेवटच्या मानांकित संघाने पहिल्या मानांकिताला हरवण्याची ही दुसरीच वेळ. पहिली २०१८ सालची, मेरीलँड-बाल्टिमोर काउंटीने व्हर्जिनियाला ७४-५४ हरवलं तेव्हाची.

अँडरसन जे ‘बघत’ होते त्यालाच स्काउटिंग म्हणतात. पुढच्या सामन्यातला प्रतिस्पर्धी कसा खेळतो याचा अभ्यास करायचा आणि त्यावरून आपण कसं खेळायचं ते ठरवायचं. वर्णन सोपं आहे, काम अवघड. माझ्या मते त्यातलं सगळ्यात अवघड काम माहिती गोळा करणं हे नाही, कारण माहिती हल्ली ढिगाने मिळते. खरा कस लागतो तो समोरच्याला काय द्यायचं हे ठरवताना.

क्रिकेट बघणाऱ्याला ही गोष्ट लगेच पटेल. मैदान एवढं मोठं आणि क्षेत्ररक्षक नऊ, म्हणजे कुठेतरी जागा मोकळी राहणारच. चांगला कर्णधार ती मोकळी जागा स्वतः निवडतो. बास्केटबॉलमध्ये बचावाला पाच जण असतात. ईडीसारख्या माणसावर दोघं लावले की बाकीच्या चौघांना अडवायला तिघंच उरतात. एक जण मोकळा सुटणार हे नक्की. तो कोण असावा, कुठे असावा आणि त्याने काय करावं अशी आपली इच्छा आहे, हे सामन्याआधी ठरवलेलं असणं म्हणजे स्काउटिंग.

फेअरली डिकिन्सनने हेच केलं. ईडीच्या पुढे एक, मागे एक. त्याच्यापर्यंत पासच सहज पोहोचू द्यायचा नाही, पोहोचला तर भोवती गर्दी करायची. बाहेरच्या नेमबाजांना मोकळं सोडायचं, मारू दे तीन गुणांचे शॉट. जोडीला मैदानभर पाठलाग करून पर्ड्यूच्या नवख्या, पहिल्या वर्षाच्या गार्डना चेंडू पुढे आणतानाच दमवायचं. ईडीने तरीही २१ गुण आणि १५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) मिळवले. पण पर्ड्यूने तीन गुणांचे २६ शॉट मारले आणि त्यातले ५ आत गेले. चेंडू १६ वेळा गमावला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण विजयानंतर सगळेच डावपेच थोर वाटू लागतात. पर्ड्यू त्या हंगामात तीन-गुणी शॉट साधारण तिनात एक या दराने मारत होती. त्या दराने २६ पैकी आठ-नऊ गेले असते. तीन शॉट जास्त म्हणजे नऊ गुण जास्त, आणि हार झाली होती पाच गुणांनी. म्हणजे बेत चांगला असला तरी नशिबाचा हात लागलाच. पण बेत नसता तर नशिबाला वाव मिळाला नसता. ईडीला आतून मनसोक्त गुण करू दिले असते तर पर्ड्यू रोजच्यासारखी खेळली असती आणि रोजच्यासारखी जिंकलीही असती. दुबळ्या संघाला सामना जिथे डळमळीत होऊ शकतो अशा ठिकाणी न्यावा लागतो, आणि अँडरसन यांनी तो तिथे नेला.

हे काम करतं कोण

कॉलेजच्या हंगामात तीसएक सामने असतात. मुख्य कोचला प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा मुळापासून अभ्यास करणं शक्य नसतं, म्हणून सामने असिस्टंट कोचमध्ये वाटून दिलेले असतात. ज्याच्या वाट्याला जो सामना आला तो त्याचा ‘स्काउट’. मंगळवारचा सामना संपायच्या आत शनिवारवाला असिस्टंट कामाला लागलेला असतो. त्याच्या हाताखाली व्हिडिओ कोऑर्डिनेटर, नुकतेच पदवीधर झालेले ग्रॅज्युएट असिस्टंट आणि विद्यार्थी मॅनेजर. रात्र-रात्र बसून फुटेज कापायचं काम यांचं. या काळोख्या खोलीत बसणाऱ्यांना कमी लेखू नये. एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या मायामी हीटचे कोच एरिक स्पोल्स्ट्रा यांनी १९९५ साली त्याच संघात व्हिडिओ कोऑर्डिनेटर म्हणूनच सुरुवात केली होती.

पूर्वी व्हिएचएस कॅसेटी कुरिअरने मागवाव्या लागत आणि ओळखीच्या कोचना फोन करावे लागत. आता सिनर्जीसारख्या व्हिडिओ-विश्लेषणाच्या सेवेवर प्रत्येक सामन्याची प्रत्येक चाल आधीच वर्गवारी करून ठेवलेली असते. अमुक खेळाडू डावीकडे ड्रिबल करत, म्हणजे चेंडू आपटत, आत घुसला त्या हंगामभरातल्या सगळ्या वेळा दाखव, असं म्हटलं की काही सेकंदांत क्लिपांची रांग लागते. शेवटचे चार-पाच सामने पूर्ण बघायचे, बाकीचे असे तुकड्या-तुकड्यांनी, ही साधारण रीत.

पण आगामी प्रतिस्पर्ध्याचा सामना प्रत्यक्ष जाऊन बघायला कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियमांनी बंदी आहे. श्रीमंत विद्यापीठांनी देशभर माणसं पाठवायची आणि गरिबांनी बघत बसायचं, असं होऊ नये म्हणून. अपवाद एकाच ठिकाणी चाललेल्या एकाच स्पर्धेचा. म्हणून मार्चमध्ये तुमचा सामना आटपला की त्याच स्टेडियममध्ये पुढचा सामना बघत, मांडीवर कागद घेऊन बसलेले असिस्टंट कोच दिसतात. या नियमाला किती गांभीर्याने घेतात ते २०२३ साली मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघावरच्या प्रकरणात दिसलं. माणसं पाठवून प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरल्याच्या आरोपावरून तिथल्या मुख्य कोचला नियमित हंगामाचे शेवटचे तीन सामने बाहेर बसावं लागलं.

कानांनीही स्काउटिंग होतं. टीव्हीच्या प्रक्षेपणात बाजूच्या माइकमधून कोचने ओरडलेलं चालीचं नाव ऐकू येतं. ‘फिस्ट’ म्हणाले, मूठ वर केली आणि लगेच मधल्या खेळाडूने वर येऊन स्क्रीन लावला (म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभा राहिला), असं चार वेळा दिसलं की ‘फिस्ट’ म्हणजे काय ते कळलं. हे उघड्यावर बोललेलं असतं, त्यात चोरी नाही. म्हणूनच काही कोच तोंडावर कागद धरतात, काही नावं बदलत राहतात.

रिपोर्टचं एक पान

खेळाडूंच्या हातात पडणाऱ्या रिपोर्टात काय असतं ते एका काल्पनिक खेळाडूवरून दाखवतो. समजा समोर क्रमांक ३ आहे, ६ फूट २ इंचांचा, उजव्या हाताचा गार्ड. त्याच्या फोटोखाली असं काहीसं लिहिलेलं असेल:

‘उजवीकडे जाऊ देऊ नका. डावीकडे गेला तर दोन ड्रिबलनंतर थांबून शॉट घेतो, बास्केटपर्यंत जात नाही. शॉटची हूल देतो, उडी मारू नका. स्क्रीनच्या मागून जा, त्याला बाहेरून मारू दे. फ्री थ्रो चांगला, फाउल नको.’

एवढंच. (फ्री थ्रो म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट.) आता यातलं एक वाक्य उलगडून बघू: ‘स्क्रीनच्या मागून जा.’ बास्केटबॉलमधली सगळ्यात जास्त खेळली जाणारी चाल म्हणजे बॉल स्क्रीन. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्या बचावपटूच्या वाटेत दुसरा एक आक्रमक येऊन खांबासारखा उभा राहतो. बचावपटूला मुख्यतः दोन वाटा उरतात. खांबाच्या पुढून, म्हणजे चेंडूवाल्याला चिकटून जायचं, नाहीतर मागून वळसा घालून पलीकडे त्याला गाठायचं. पुढून गेलं तर बाहेरचा शॉट मारायला जागा मिळत नाही, पण बचावपटू अर्धं पाऊल मागे पडतो आणि चेंडूवाला आत घुसू शकतो. मागून गेलं तर आत घुसायची वाट बंद, पण क्षणभर बाहेरचा शॉट मोकळा. क्रमांक ३ बाहेरून कच्चा असेल तर मागून जा. पक्का असेल तर मागून जाणं म्हणजे हातात तीन गुण देणं. एका वाक्यामागे त्याच्या हंगामभरातल्या शॉटचा हिशोब आहे आणि एक निर्णय आहे: याला बाहेरचा शॉट आम्ही देतोय.

प्रत्येक खेळाडूबद्दल असा एकेक निर्णय. नेमबाज असेल तर त्याच्या अंगावर धावत जायचं आणि त्याला ड्रिबल करायला लावायचं. आत घुसणारा असेल तर दोन पावलं मागे थांबायचं. वाक्यं तोकडी का, तर खेळाडू हे विद्यार्थी आहेत, त्यांना तासिका आहेत, परीक्षा आहेत. नियमाने हंगामात त्यांना आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तासांहून जास्त खेळाच्या कामाला जुंपता येत नाही, आणि व्हिडिओ बघण्याचा वेळही त्यातच मोजतात. असिस्टंट कोचने तीस तास पाहिलेलं फुटेज खेळाडूंपर्यंत दहा-बारा मिनिटांचं होऊन पोहोचतं. माझ्या लेखी हे गाळणं ही या कामातली खरी कारागिरी आहे. सगळं माहीत असलेला कोच खेळाडूला सगळं सांगायला गेला तर तो खेळाडू मैदानावर विचार करत उभा राहतो, आणि तेवढ्यात समोरचा त्याला ओलांडून गेलेला असतो.

सांगून झालं की करून बघायचं. संघातले राखीव खेळाडू, बरेचदा शिष्यवृत्तीशिवाय खेळणारे ‘वॉक-ऑन’, प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाठ करतात आणि सरावात त्यांची सोंगं घेतात. याला स्काउट टीम म्हणतात. एक जण त्या आठवड्यापुरता समोरचा स्टार बनतो, त्याच्यासारखा डावीकडे वळतो, त्याच्यासारखी हूल देतो. महिला संघ या कामासाठी विद्यापीठातल्या मुलांना सरावाला बोलावतात. या पोरांचं नाव कुठल्याच स्कोअरकार्डवर येत नाही. दौऱ्यावर असताना कोर्ट मिळालं नाही तर हॉटेलच्या हॉलमध्ये गालिच्यावर चिकटपट्टीने रेषा आखून, बूट न घालता, चालत-चालत हेच सगळं केलं जातं.

आकडे कुठले बघायचे

‘हा संघ सामन्यागणिक ८० गुण करतो’ हा आकडा स्काउटला फारसा उपयोगाचा नाही. काही संघ धावपळीचा खेळ करतात, काही ३० सेकंदांचं शॉट क्लॉक शेवटपर्यंत वापरतात. पहिल्यांचे गुण जास्त दिसणारच. म्हणून मोजायचं ते दर चेंडूमागे, म्हणजे चेंडू आपल्या ताब्यात आल्यापासून समोरच्याकडे जाईपर्यंतच्या प्रत्येक पाळीमागे किती गुण झाले ते. अशा पाळ्या एका संघाला सामन्यात साधारण ६५ ते ७० मिळतात आणि सरासरीने दर पाळीला एकाहून थोडे जास्त गुण होतात. ही मोजणी कॉलेज बास्केटबॉलमध्ये घरोघर पोहोचवली ती केन पॉमेरॉय यांनी. पूर्वी पेशाने ते हवामानशास्त्रज्ञ होते. प्रतिस्पर्धी किती दमदार होता याची दुरुस्ती करून प्रत्येक संघाचे दर शंभर पाळ्यांचे गुण ते काढतात, आणि कोच मंडळी ते रोज बघतात.

त्याच्या आत शिरायचं तर बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांचे चार घटक. नेमबाजी किती अचूक (तीन-गुणी शॉटला दीडपट वजन देऊन), चेंडू किती वेळा फुकट घालवला, चुकलेल्या आपल्याच शॉटचे रिबाउंड किती परत मिळवले आणि फ्री थ्रोपर्यंत किती वेळा पोहोचले. त्यांनी या चौघांना दिलेलं ढोबळ वजन अनुक्रमे ४०, २५, २० आणि १५ टक्के. स्काउट आधी हे बघतो की समोरचा संघ या चारपैकी कशावर जगतो. कुणी रिबाउंडवर जगतं, कुणी समोरच्याच्या चुकांवर. ज्यावर तो जगतो तेच तोडायचं.

आकड्यांत एक सापळाही आहे. एखाद्या पोराने गेल्या दोन सामन्यांत नऊपैकी पाच तीन-गुणी शॉट मारले म्हणून तो नेमबाज ठरत नाही. नऊ ही संख्याच लहान आहे. संपूर्ण हंगाम बघायचा, मागची वर्षं बघायची, फ्री थ्रोची टक्केवारी बघायची, कारण हात चांगला आहे का हे तिथे जास्त स्वच्छ दिसतं. पॉमेरॉय यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे. प्रतिस्पर्ध्याने तीन-गुणी शॉट किती मारावेत हे बचाव बऱ्यापैकी ठरवू शकतो, पण त्यातले किती आत जावेत हे फारसं ठरवू शकत नाही. ‘यांच्याविरुद्ध सगळे २८ टक्केच मारतात’ असं दिसलं तर त्यात त्यांच्या बचावाचं श्रेय किती आणि योगायोग किती, हे विचारावं लागतं.

तोच ईडी, उलटं उत्तर

आता पर्ड्यूकडे परत येऊ, कारण पुढच्याच वर्षी जे घडलं त्याने हा सगळा विषय लख्ख होतो. तेच कोच मॅट पेंटर, तोच ईडी (पुन्हा देशातला सर्वोत्तम खेळाडू), तेच दोन गार्ड, आता दुसऱ्या वर्षाला. आणि एक मोठा फरक. २०२३-२४ च्या हंगामात पर्ड्यूचे तीन-गुणी शॉट ४० टक्क्यांहून जास्त दराने आत जात होते, देशात आघाडीच्या संघांत त्यांची गणना होती. फेअरली डिकिन्सनचं उत्तर आता कुणी वापरलं असतं तर आत्मघात ठरला असता. ईडीवर दोघं धावले की तो बाहेर पास देणार आणि बाहेरचा मोकळा माणूस तीन गुण करणार. याच जोरावर पर्ड्यू ८ एप्रिल २०२४ ला ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये अंतिम सामन्यात पोहोचली.

समोर कनेटिकट, गतविजेते, कोच डॅन हर्ली. त्यांनी बरोबर उलटं ठरवलं. ईडीला ७ फूट २ इंचांचा डॉनोव्हन क्लिंगन एकटा अडवणार, मदतीला कुणी धावायचं नाही, बाकी चौघांनी आपापल्या माणसाला चिकटून राहायचं. ईडीने गुण केले तर करू दे. ईडीने ३७ गुण केले. नुसता स्कोअरकार्ड बघणाऱ्याला वाटेल की त्याला अडवण्यात कनेटिकट सपशेल फसली. पण पर्ड्यूला त्या सामन्यात तीन गुणांचे शॉट मिळाले फक्त ७, आणि आत गेला १. ईडी सोडून बाकी सगळ्या संघाचे मिळून २३ गुण. कनेटिकट ७५-६० जिंकली.

यात कनेटिकटकडे क्लिंगन होता हे विसरून चालणार नाही. फेअरली डिकिन्सनकडे तसा माणूस नव्हता, त्यांना एकट्याने अडवण्याचा पर्यायच नव्हता. स्काउटिंग आपल्याकडे कोण आहे इथून सुरू होतं. दुसऱ्या टोकालाही कनेटिकटचा अभ्यास दिसला. बॉल स्क्रीन झाला की ईडी बाहेर येत नाही, बास्केटजवळ मागे थांबतो, ही पर्ड्यूची पद्धत. म्हणजे स्क्रीन आणि बास्केट यांच्या मधला पट्टा मोकळा. कनेटिकटचे गार्ड त्याच पट्ट्यात पुन्हा पुन्हा शिरले. ट्रिस्टन न्यूटनने २० गुण केले. ईडीला बास्केटजवळ ठेवून पर्ड्यूही काहीतरी देतच होती, आणि कनेटिकटने ते घेतलं.

या निर्णयाची दुसरी बाजू ज्याला मोकळं सोडलं जातं त्याच्या वाट्याला येते. ३१ मार्च २०२३, महिलांचा उपांत्य सामना, आयोवा विरुद्ध तोवर अपराजित साउथ कॅरोलायना. आयोवाने ठरवलं होतं की साउथ कॅरोलायनाच्या आलिया बॉस्टनभोवती आत गर्दी करायची आणि बाहेरच्या गार्डना सोडून द्यायचं. एका चालीत आयोवाच्या केटलिन क्लार्कने बाहेर चेंडू घेऊन उभ्या असलेल्या साउथ कॅरोलायनाच्या रेव्हन जॉन्सनकडे बघून नुसता हात झटकला, तिच्याजवळ गेलीसुद्धा नाही. मार, आमची हरकत नाही. लाखो लोकांनी ते पाहिलं. आयोवा ७७-७३ जिंकली, रिबाउंडमध्ये साउथ कॅरोलायनाने जवळपास दुप्पट मजल मारूनही. जॉन्सनला ते फार लागलं, तिने नंतर तसं सांगितलंही. ती पुढचा उन्हाळाभर शॉटवर घाम गाळत राहिली आणि पुढच्या हंगामात तिची तीन-गुणी टक्केवारी खूप वर गेली. साउथ कॅरोलायनाने तो अख्खा हंगाम एकही सामना न हरता काढला, आणि २०२४ च्या अंतिम सामन्यात आयोवालाच ८७-७५ हरवलं. रिपोर्टातली ओळ जुनी होते ती अशी. गेल्या वर्षीच्या ओळीवर विसंबून या वर्षी कुणी तिला मोकळं सोडलं असतं तर महागात पडलं असतं.

एका दिवसाची गोष्ट

राष्ट्रीय स्पर्धेत गुरुवारी जिंकलात तर पुढचा सामना शनिवारी, शुक्रवारी जिंकलात तर रविवारी. म्हणून संभाव्य दोन्ही प्रतिस्पर्ध्यांचे रिपोर्ट दोन असिस्टंट आधीच तयार ठेवतात. त्यातला एक रद्दीत जाणार हे माहीत असून तितक्याच मनापासून करतात. वेळ इतका थोडा असल्यामुळे चमत्कारिक शैलीच्या संघांना या स्पर्धेत फायदा मिळतो. जिम बोहाइम यांच्या काळातला सिरॅक्यूजचा २-३ झोन बचाव घ्या. पुढे दोन, मागे तीन, सगळे लांब हातांचे, माणसामागे न धावता आपापली जागा राखणारे. व्हिडिओत तो समजतो, पण एका दिवसात सरावायला तेवढ्या लांब हातांची स्काउट टीम आणायची कुठून? २०१६ साली दहावं मानांकन असलेलं सिरॅक्यूज अंतिम चौघांत पोहोचलं त्यात या झोनचा वाटा मोठा होता. गटातल्या संघांना हे कोडं वर्षानुवर्षं माहीत असतं, काहींशी हंगामात दोनदा गाठही पडते. तिथे आश्चर्याला जागा उरत नाही आणि सामने बारीक तपशिलांवर ठरतात.

हंगामाच्या सुरुवातीची, नोव्हेंबरमधली अडचण वेगळी. हल्ली दर वर्षी बरेच खेळाडू विद्यापीठ बदलतात. समोरचा संघ नवा, एकत्र खेळलेले सामने दोन-तीन. मग प्रत्येकाचं जुन्या विद्यापीठातलं फुटेज काढून बघायचं, आणि नव्या कोचकडे तो तसाच खेळेल अशी आशा करायची.

सामना बघताना हे सगळं ओळखायचं असेल तर पहिली पाच मिनिटं चेंडूवरून नजर काढा आणि बचावपटूंची अंतरं बघा. चेंडू नसलेल्या माणसाला कोण चिकटून उभा आहे, कोण दोन पावलं आत सरकून बसला आहे, ते पाहा. ज्याच्यापासून बचावपटू सगळ्यात लांब आहे त्याचं नाव लक्षात ठेवा. रिपोर्टात त्याच्या फोटोखाली काय लिहिलंय ते तुम्हाला कळलं आहे. मग तो माणूस पहिले दोन शॉट आत मारतो का, आणि मारले तर पुढच्या टाइमआउटनंतर ते अंतर कमी होतं का, याकडे लक्ष ठेवा. काही कोच लगेच बदलतात. काही जण हंगामभराचा आकडा त्या दोन शॉटपेक्षा मोठा मानून त्याला तसंच मोकळं ठेवतात, आणि बाकावरचा तो रिपोर्ट लिहिणारा असिस्टंट तिसऱ्या शॉटच्या वेळी उभा राहिलेला असतो.